एकोणऐंशी सेंटिमीटर

"यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," शर्ट वर करता करताच ओइशीने जाहीर केलं.

गावच्या सभागृहात वार्षिक तपासणी चालली होती. जपानात पुरुषाची कंबर पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की घरी उपदेशाचं पत्र येतं, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या ओइशीकडे अशा पत्रांची थप्पी होती. गेल्या वर्षी एक्याण्णव भरले होते. आज मोचिझुकी नर्सबाईंच्या फितीने एकोणऐंशी दाखवले. बाईंनी फीत सोडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा तेवढेच.

हे कशाने झालं, असं त्यांनी विचारलं. ओइशीला तेवढंच निमित्त हवं होतं.

विद्यापीठातल्या पोरी म्हणे त्याच्याच मळ्यातल्या हिरव्या चहावर प्रयोग करतात. त्याने स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलंय. एका बशीत चरबीच्या कोवळ्या पेशी वाढवलेल्या. रंग टाकला की आतले तेलाचे थेंब डाळिंब फोडल्यासारखे लालभडक. दुसऱ्या बशीत तशाच पेशी, पण चहाचा अर्क घातलेला. तिथे थेंब औषधालाही नाहीत.

"त्या मोठ्याच होत नाहीत, बाई. जन्मभर बिनलग्नाच्या राहतात."

इथवर बरंचसं खरं होतं. बशीत होतं ते माणसाच्या पोटात होईलच असं नाही, हे त्या पोरींनी दोनदा बजावलं होतं. ते मात्र ओइशी परतीच्या बसमध्येच विसरून आला होता.

रांग हसायला लागली तसा त्याला चेव आला. यंदाच्या पहिल्या खुडणीचा चहा, दिवसाला अकरा पेले. झोपेत चरबी वितळते तिचा असा काही आवाज येतो की मांजर दचकून उठतं. परवा देवळाच्या पायऱ्या चढताना विजार तिसऱ्याच पायरीवर राहिली आणि हा वर पोचून घंटा वाजवत होता.

बाईही हसल्या, पण त्यांचं बोट वजनाच्या आकड्यावर थांबलं होतं. ओइशीची बायको सुमिए फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून हा माणूस जेवतो तरी काय, हे त्यांना विचारायचं होतं. ते ओइशीच्या ध्यानात आलं होतं. बाईंनी नागोया शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलाला फोन लावला, की तो गाडी घेऊन येणार आणि मळा सोडायला लावून त्याला सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो तोंड मिटेना.

"विकतचा नाही हं," तो म्हणाला. "मेमध्ये तीन दिवसांत अख्खा उतार खुडून मोकळा केला."

मागे हारुयो उभी होती. मळ्याला मळा लागून, शाळेपासूनची ओळख. इतका वेळ तीही पदरचे दोन टोमणे मारून हसत होती.

"ओइशी," ती हळूच म्हणाली, "खुडणीचं यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी धरावं लागतं. यंदा पलीकडून कुणी धरलं रे?"