एकेरी

इंग्रजीवाल्यांचं एक बरं असतं, देवापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना एकच 'यू', आणि मग आमच्यासारख्यांनी नाशिक रोडच्या दोन खोल्यांत बसून ठरवायचं की कोण कोणाला अरेतुरे करतं. मी एका सिनेमाच्या दुसऱ्या भागाची मराठी सबटायटल्स करत होते. पहिल्या भागात दूरच्या ग्रहावर मागे राहिलेल्या मित्राला सोडवायला या भागात अंतराळयानातले त्याचे सोबती परत जातात, अशी ती गोष्ट. जिवलग मंडळी, म्हणून मी 'तू' लिहिलं. त्यात डोकं चालवण्यासारखं काहीच नव्हतं.

तरी फाइल तिसऱ्यांदा परत आली. सुटकेच्या प्रसंगापर्यंत सगळं 'तू', आणि मित्र यानात पाऊल ठेवतो तिथून पुढे 'तुम्ही'. 'पाणी देऊ का तुम्हाला?' 'तुम्हाला काही आठवतंय?' जिगरी दोस्ताशी असं अहोजाहो वाचून माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि मी मुंबईच्या ऑफिसात काम बघणाऱ्या हर्षालीला फोन लावला.

"माझं काम कोण बिघडवतंय, ते एकदा सांग मला."

"साधनाताई, चिडू नका ना. इथे कोणी हातसुद्धा लावलेला नाही. सगळे बदल तुमच्याच लॉगिनवरून झालेत. रोज दुपारी दोन ते चार."

त्या वेळी मी घरीच असते, काम करत. आणि हल्ली माझा धाकटा भाऊ दीपकही असतो. गेल्या महिन्यात, पिंपळगावला तो कामाला होता त्या कोल्ड स्टोरेजमध्ये, द्राक्षांच्या पेट्यांमागे तो पाच तास अडकला. फोन लागेना म्हणून मी तिथे गेले. आत कोणी नाही असं सगळे सांगत असताना भांडून दार उघडायला लावलं आणि स्वतःच्या हातांनी त्याला बाहेर ओढलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. आहेच. वेळेवर जेवतो, ताट उचलून ठेवतो, मी काही बोलले तर मान खाली घालून ऐकून घेतो. पूर्वी चहात साखर जास्त झाली तरी आमचं कडाक्याचं वाजायचं. मला तो भांडकुदळ दीपक परत हवा होता, आणि इतक्या मिनतवारीनं बाहेर काढूनही तो हाती लागत नव्हता, याचा मला नुसता संताप संताप व्हायचा.

मी पुन्हा पहिल्यापासून बसले, एकेक 'तुम्ही' खोडून 'तू' केलं आणि फाइल पाठवून दिली. मागे वळून पाहिलं तर दीपक दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"झालं का काम, ताई?" त्यानं हळूच विचारलं.

तो गरीब स्वर ऐकून मी पुरती वैतागले. आज काहीतरी कुरापत काढायची, चांगलं फैलावर घ्यायचं, म्हणजे तरी हा उसळेल, असं ठरवून मी तोंड उघडलं.

"उभे का? बसा ना," मी म्हणाले.

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग, अखेर कोणीतरी ओळखलं म्हणून सुटल्यासारखा तो हसला, आणि खुर्ची ओढून बसला.