सुंदराबाईंची भाकर

"सुंदरामावशी, तुम्ही स्वतः प्रभुभोजन का नाही घेत?"

तवा उतरवता उतरवता सुंदराबाई थबकल्या. माझगावच्या त्या लहानशा चर्चमध्ये नवे पाळक उन्मेष साळवे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते हा पोरगेला माणूस त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारत होता. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून खायची भाकर दर महिन्याला त्याच भाजून देत. ती वाटली जाताना मात्र शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसत.

"मला बंद केलंय ना कमिटीनं," त्या म्हणाल्या. "आमचे हे हिंदू. कोर्टात लग्न केलं म्हणून. देवानं निवडलेली माणसं वेगळी, पाळकसाहेब. मी आपली भाकर भाजते, तेवढी सेवा बास."

संध्याकाळी पाळक कमिटीची जुनी वही घेऊन परत आले.

"मावशी, बंदी फक्त सहा महिन्यांची होती! तुम्हाला कळवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही."

सुंदराबाईंना त्यांचा नवरा रामू आठवला. काळाचौकीच्या गणेशमंडळाचा कट्टर कार्यकर्ता, पण दर रविवारी बायकोला चर्चच्या फाटकापर्यंत सोडून समोर चहा पीत थांबायचा. 'माझ्यापायी तुझो देव तुटलो गो,' म्हणतच तो गेला. ते ओझं त्यानं उगाच वाहिलं, या विचारानं त्यांना रडू फुटलं.

"उद्या मी सगळ्यांसमोर आपल्या चर्चच्या मंडळीची चूक वाचून दाखवतो," पाळक म्हणाले.

"कुणासमोर? बंदीवर सह्या करणारे सगळे गेले. त्यांच्या पोरांना कशाला खाली बघायला लावता?" बाईंनी पदरानं डोळे पुसले. "एक सांगा. ही वही वाळवीनं खाल्ली असती, तर?"

पाळकांनी वही मिटली.

"तरी तुम्ही देवाच्याच होता, मावशी. जन्मायच्या आधीपासून. निवड त्याची. कमिटीची नाही, आणि भाकर भाजून मिळवायचीही नाही."

"मग ठेवा ती वही कपाटात."

दुसरी कुणी असती तर तिनं चर्च डोक्यावर घेतलं असतं, आणि तिला कुणी बोल लावला नसता. या बाईंनी एका वाक्यात सगळ्यांना माफ करून टाकलं.

रविवारी त्या शेवटच्या बाकावरून उठल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. दोन-चार माना वळल्या. पाळकांनी तळहातावर तुकडा ठेवला, तो त्यांनी डोळे मिटून खाल्ला. इतकी वर्षं भाजताना साधं चाखून बघायचीही त्यांची छाती झाली नव्हती.

उपासना संपल्यावर त्या पाळकांजवळ आल्या. डोळे अजून ओले होते.

"मीठ कमी पडतंय हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?"