टरफलांतली साखर

आश्विनातली दुपार. खाडीवर उन्हाचा पिवळा लेप, त्याखाली संथ, शिसवर्णी पाणी, आणि काठावर कोळंबीच्या टरफलांचा गुलाबी ढीग. दुरून पाहणाऱ्याला ती कमळराशी वाटे. जवळ येणारा नाकाला रुमाल लावी.

त्या वासाला कंटाळून गावाने निर्वाणीचे सांगितले होते, की देवदिवाळीपर्यंत डोळ्यांनी दिसेल असा उपाय दाखवा, नाहीतर कोळंबी सोलायची शेड बंद. शेडीत चौदा बायका. त्यांत सर्वांत जुनी यमुना डोर्लेकर. तीस वर्षे सोलून सोलून तिच्या बोटांवरचे ठसेसुद्धा झिजून गेले होते.

उपाय शोधत होती शर्वाणी, तालुक्याच्या कॉलेजातली संशोधक. टरफलाचा कणखरपणा कायटिनचा, आणि कायटिन म्हणजे शर्कराकणांचीच घट्ट साखळी. ती साखळी कापणारी विकरे काही जीवाणूंपाशी असतात. साखळी तुटली की टरफल विरते, मागे कामाची साखर उरते. असा जीवाणू ढिगातच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

दर सोमवारी यमुनाकाकी तिला डबाभर टरफले देई. दर सोमवारी ती काचेच्या ताटलीतल्या कायटिनच्या दुधाळ थरावर टरफले भिजवलेले पाणी पसरी. आणि दर शनिवारी थर कुठेच न विरलेला, ताटली तशीच, शुभ्र, निश्चल, निर्विकार. असे सहा आठवडे गेले. शर्वाणीला रडू येई. न रडता ती नवी ताटली तयार करी.

सातव्या सोमवारी ती जरा लवकर पोहोचली. शेडीमागे चुलीवर पातेले खदखदत होते, आणि काकी तिच्यासाठी काढलेली टरफले त्यात बुचकळत होती.

"हे कधीपासून, काकी?"

"पहिल्या दिवसापासून. पाहुणीच्या हातात तशीच घाण कशी देऊ, बाय?"

शर्वाणी मटकन पायरीवर बसली. रागवायचे तरी कुणावर? मायेनेच घात केला होता. कढत पाण्यात जीवाणू मरतात, असे तिने हळू आवाजात सांगितले, तेव्हा काकीचा चेहरा पडला. मग पदर खोचून तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचा जुना, कृष्णकाळा, बुळबुळीत चिखल ओंजळीत आणला. या खेपेला तो धुतला नाही.

शनिवारी शर्वाणी ताटली घेऊन शेडीत आली. दुधाळ थरावर जीवाणूंचा मोहरीएवढा ठिपका, आणि ठिपक्याभोवती थर विरून गेलेला.

"एवढ्याची साखर झाली, काकी. हे पाहिल्यावर गाव आणखी मुदत देईल."

काकीने शेडीबाहेर येऊन हात पुसले, पुन्हा पुसले, आणि ताटली उन्हाकडे धरून डोळ्याशी नेली. सगळीकडे पांढरे. मध्ये एक नितळ वलय, आणि त्या वलयात खाडी, खाडीकाठी शेड, शेडीत खाली मान घालून सोलणाऱ्या तेरा जणी. चौदावी पाहत उभी होती.