पाण्याकडची खोली

माह्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली का मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माह्या नवऱ्याले, गोवर्धनले, हे लग्नाच्या पयल्या महिन्यातच समजलं. तवापासून तो वाद घालत नाही, उठते अन् वांग्याच्या वावरात जाऊन बसते.

यंदा जेठात अधिक मास आला. आमच्या अपेक्षाचा लग्नानंतरचा हा पयलाच धोंडा. धोंड्याच्या महिन्यात लेक-जवायाले बोलवा लागते, जवायाचे पाय धुऊन त्याले अनारशाचं वाण द्या लागते. नाही केलं तं लोक तोंडावर विचारतात, काहून बाप्पा, जवायाले विसरले का? अन् अमरावतीतलं आमचं घर म्हणजे डोक्यावर टिनाचे पत्रे. मे महिन्यात त्याच्याखाली आमी भाजीवाले बसू, पण अकोल्याच्या क्लासमध्ये शिकवणारा जवाई कसा बसन?

म्हणून म्या ठरवलं, धोंडा तळ्यावर कराचा. मोर्शीकडं धरणाचं पाणी जिथं मागं पसरलं, तिथं एक लहानशी वस्ती आहे. तिथले लोक आता आपली घरं दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं देतात. काठावर वाळू आणून टाकली अन् त्याले बीच म्हणतात. म्हणेनात का, वारा तं थंड येते. मोनाली नावाच्या बाईचं घर मले मोबाईलवर दिसलं अन् आवडलं. दोन खोल्या, ओसरी, गॅस, शेगडी. एक खोली पाण्याकडची, एक मागची.

"पाण्याकडची जवायाले," म्या मोनालीले फोनवर सांगतलं. "चादरी नव्या टाक. अन् पंख्याचा आवाज येत असन तं आधीच सांग."

"मावशी, तुमचा जवाई आहे का कलेक्टर?" मोनाली म्हणे.

"पयला धोंडा आहे, माय. कलेक्टरपेक्षा मोठा आहे."

तिनं हसून भाव कमी केला. मी खूश. शनिवार ठरला.

अपेक्षाले फोन केला तं ती बी हो म्हणाली, ते बी लगेच. एरवी तिले काही विचारा, 'त्यांले विचारून सांगते' हेच ऐका लागते. पण मंग हळूच म्हणे, "आई, त्यांले बोलावू नको. नवीन बॅच सुरू होऊन राहिली, सुट्टी भेटत नाही. मी एकटीच येते, एसटीनं."

"जवायाशिवाय धोंडा? डोक्यात भुसा भरला का तुह्या?"

"बोलावू नको नं, आई."

मी हो-नाही काही म्हटलं नाही. पण त्या आठवड्यात पोट्टी रोज काही ना काही विचारे. एसटी घरापर्यंत जाते का? आजूबाजूले बायामाणसं राहतात का, का सगळे पावणेच? मोबाईलले रेंज आहे का? अन् एक दिवस म्हणे, "ते घर महिनाभरासाठी भेटते का?"

"महिनाभर काय करशीन तिथं, मासे धरशीन?"

"सहज विचारलं."

म्या गंमत म्हणून मोनालीले विचारलं. ती म्हणे, पावसाळ्यात कुत्रं येत नाही इकडं, काय द्याचे ते द्या अन् राहा. अपेक्षाले सांगतलं, तं तिनं मोनालीचा नंबर मागून घेतला. मले वाटलं, पोरीले जागा भल्ली आवडली. अकोल्याच्या गरमीत जीव उबगला असन बिचारीचा.

पण जवायाचं काही मनातून जाईना. शेजारच्या बाया विचारतीन, फोटोत जवाई कुठी आहे? मंग काय सांगू, बॅच होती? पोरीले समजत नाही, मान द्या लागते माणसाले, आपण स्वतः फोन केला का सुट्टी बी भेटते. म्या सरळ पियुषलेच फोन लावला.

किती गोड बोलते तो. "आई, तुम्ही बोलावलं आणि मी येणार नाही, असं होईल का?"

"अपेक्षा म्हणे सुट्टी नाही भेटत."

तो म्हणे, "असं म्हणाली? कधी ठरलं हे?"

"झाले आठ-दहा दिवस."

"बरं. मला लोकेशन पाठवा ना, आई. आणि त्या घरवाल्या बाईंचा नंबर."

म्या दोन्ही पाठवलं. पाण्याकडच्या खोलीचा फोटो बी पाठवला. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, अन् म्या ते गोवर्धनले दाखवलं, म्हटलं, पाहा, याले म्हणतात संस्कार.

त्या रात्री अपेक्षानं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, शेजारच्या काकूच्या फोनवरून बोलून राहिली. मधात बोलू नको, फक्त ऐक. तू त्याले काहून सांगतलं?"

आजवर ती नवऱ्याले 'त्यांले' म्हणे. आज 'त्याले' म्हणाली.

"मी त्या तळ्यावरून परत जाणार नव्हती," ती म्हणे. "मोनालीताईशी बोलली होती मी. तिथल्या शाळेत बी कामाचं विचारून ठेवलं होतं. ती एकच जागा होती जी त्याले माहीत नव्हती."

"अवं पण काय झालं काय?"

"मारते तो. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. काल तुह्या फोननंतर लय मारलं. माहा फोन त्याच्यापाशी आहे."

म्या विचारलं ते बी चुकीचंच. म्हटलं, "मंग घरी काहून नाही आली?"

"संक्रांतीले एकटीच निघून आली होती नं. तो संध्याकाळी पेढे घेऊन आला. अन् तू मले साडी नेसवून त्याच्या गाडीवर बसवून दिलं." ती रडत नव्हती. ती रडली असती तं बरं वाटलं असतं मले. "आता शनिवारी आमी दोघं येतो. तू हसून बोल त्याच्याशी. काही माहीत आहे असं दाखवू नको."

फोन बंद झाला. मले माह्या जिभेचा इतका राग आला का ती कापून फेकावी वाटलं.

वावरात गोवर्धन क्रेटात वांगे भरून राहिला होता. म्या सगळं सांगतलं. त्यानं हातातलं वांगं ठेवलं अन् म्हणे, "चाल."

"कपडे तं बदला."

"चाल," म्हणे.

भाजीच्या गाडीतच आमी अकोल्याले निघालो. वाटेत मूर्तिजापुरात दुकानातून अनारसे घेतले, म्हणजे दार उघडलं जाईन. वाण घेऊन आलेल्या सासूले कोणता जवाई बाहेर उभं ठेवते?

पियुषनं दार उघडलं, हसला, पाया पडाले वाकला. म्या पाय मागं घेतले. तो तसाच वाकलेला राहिला, मंग उठला.

अपेक्षा सैपाकघरातून आली. बाहेर ऊन आग ओकून राहिलं होतं अन् पोरीनं मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता. माह्याकडं पाहून तिनं मान हलवली, काही बोलू नको म्हणून.

"आई, शनिवारी भेटणारच होतो ना आपण तळ्यावर," पियुष म्हणे.

"तळ्याचं रद्द. अपेक्षा, चप्पल घाल, घरी चाल."

तरी त्याचा आवाज चढला नाही. "तिला विचारा ना. अपेक्षा, सांग आईला, तुला जायचंय का?"

ती जागची हलली नाही. मले वाटलं, भेली त्याले. पण ती त्याच्याकडं पाहतच नव्हती, माह्याकडं पाहून राहिली होती.

"आई, चार दिवसांनी तूच आणून सोडशीन," ती म्हणे.

गोवर्धननं मान खाली घातली. नाही सोडणार म्हणायले तोंड होतं का मले? शपथ घेतली असती तरी पोरीनं काहून विश्वास ठेवावा? जिच्यासाठी शेजारच्या बायांचं बोलणं लेकीपेक्षा मोठं होतं, ती बाई मीच नं.

म्या मागं वळून दार सताड उघडलं अन् जिन्यात उभी राहून मोठ्यानं बोलली. बाजारात भाव सांगते तशी, वरच्या-खालच्या मजल्यापर्यंत जाईन अशी. "ऐका हो, माहा जवाई पियुष माह्या लेकीले मारते. मी तिची माय. मी तिले घेऊन चालली अन् परत आणणार नाही. तुमी सगळे साक्षी राहा."

दोन दारं उघडली. तिसऱ्या दारात एक बाई आली, फोनवाली काकू तीच असन, अन् तिथंच उभी राहिली. पियुष पयल्यांदा घाबरलेला दिसला. "आई, आत या, लोक ऐकतायत," म्हणे.

"ऐकू दे."

"चपला घाल," गोवर्धन लेकीले म्हणाला.

"माह्या चपला कपाटात आहेत, बाबा. किल्ली त्याच्याजवळ असते."

गोवर्धननं त्याच्याकडं किल्ली मागितली नाही. म्या माह्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या. त्या तिले मोठ्या होत होत्या. ती बापाचा हात धरून जिना उतरली. मी मागून अनवाणी. डांबर इतकं तापलं होतं का गाडीपर्यंत मले पळा लागलं.

तिघं पुढच्याच सीटवर बसलो. तिच्या बाहीखालचं मनगट म्या पाह्यलं अन् बाही पुन्हा खाली केली. मूर्तिजापूर गेल्यावर तीच म्हणे, "कुठी चाललो आपण? अमरावतीले तो आजच येईन. अन् तळ्याचं बी आता माहीत आहे त्याले."

मले त्या जागेचा फोटो आठवला, म्या माह्या हातानं पाठवलेला. सगळ्या जगात तेच एक घर पोरीनं स्वतःसाठी निवडलं होतं.

"घरी चाललो," म्या म्हटलं. "येऊ दे त्याले."

तिनं माह्यावर विश्वास ठेवला का नाही, मले अजून माहीत नाही. बडनेऱ्याच्या अलीकडं तिले झोप लागली, पण दाराच्या हँडलवरचा हात तिनं झोपेत बी सोडला नाही.