दुसऱ्याची शिवण

आमच्या ह्यांना संधी दिसतात. टीव्हीवर दिसतात, मोबाइलवर दिसतात, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसतात. दिसत नाही ती फक्त दुकानाच्या दारात पिशवी घेऊन उभी असलेली.

आमचं शिंप्याचं दुकान. पुढे काच, काचेशी माझं मशीन, मध्ये कापायचं टेबल आणि भिंतीवरच्या कपाटात सासऱ्यांचा कोट. पूर्वी लोक कापड घेऊन यायचे. आता पँट, कोट, फ्रॉक सगळं मोबाइलवरून घरपोच येतं आणि धड कुणालाच बसत नाही. एकाची कंबर सैल, दुसऱ्याची बाही बोटांच्या पुढे. मग ती माणसं आमच्याकडे येतात.

"मास्टर, एवढी उंची कमी करून द्या ना."

"दुसऱ्याच्या शिवणीला आम्ही हात लावत नाही," हे मानही वर न करता सांगतात. "बाबांचा नियम आहे." आणि बोट त्या कोटाकडे.

सासरे या दुकानाचे पहिले मास्टर. नियम त्यांचा. कोटही त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःसाठी शिवलेला, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. ऐकून ऐकून माझे कान किटले, पण ह्यांचं तोंड काही दुखलं नाही.

बरं, गिऱ्हाईक परत पाठवून करायचं काय? तर जग बदलतंय, आपणही बदललं पाहिजे! म्हणून टी-शर्टवर फोटो छापायचं यंत्र आलं. पहिला फोटो ह्यांचाच छापला, तोही तिरका. मग कुत्र्यांचे स्वेटर. माप घ्यायला गेले आणि दंडाला पट्टी बांधून परत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात माझी फरफट!

मागच्या आठवड्यात नवी संधी सापडली. दुकानाचा पुढचा भाग शेजारच्या मोबाइल-कव्हरवाल्याला भाड्याने द्यायचा. माझं मशीन जिन्याखाली, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो.

"आणि तिथे तुम्ही शिवणार काय?" मी विचारलं.

"शिवायला आता उरलंय काय?" हे म्हणाले. आवाज अगदी पडला होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला. या माणसाच्या हाताला काम नसेल तर तो वर्षभरात म्हातारा होईल, हे मला दिसत होतं. पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

सोमवारी सह्या करायचं ठरलं. शनिवारी ह्यांनी कपाट हलवायला म्हणून कोट बाहेर काढला. अस्तराला कसर लागली होती.

"अगं, तेवढं अस्तर बदल. हळू हं, बाबांचा हात आहे त्याला."

मी उजेडाला बसून अस्तर उसवलं आणि थांबले. खांद्यापाशी, शिवणीच्या आत, जुन्या शिवणीची भोकं होती. बाही वरून कापून आखूड केलेली. पाठीतलं चांगलं चार बोटं कापड आत घेतलेलं. मानेखाली कुठल्याशा कारखान्याच्या लेबलाचा कोपरा टाक्यात अडकून राहिलेला. कोट विकतचा होता, कुणा जाड्या माणसाच्या मापाचा. सासऱ्यांनी तो उसवून स्वतःच्या अंगाला असा बसवला होता, की इतकी वर्षं पोटच्या पोराला पत्ता लागला नाही.

मला हसू आलं. मग असा संताप आला की कात्री खाली ठेवली.

"अहो, इकडे या."

"फाडलंस ना?"

"हात लावून बघा."

ह्यांची बोटं शिवणीवर गेली. बराच वेळ ते भोकांवरून अंगठा फिरवत राहिले. "बाबांनी..." एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. वर्षानुवर्षं जिभेच्या टोकावर साठलेलं सगळं मी गिळलं. सोपं नव्हतं ते.

तेवढ्यात कालच परत पाठवलेली मुलगी पुन्हा दारात आली. हातात तोच नवा काळा कोट.

"मास्टर, सोमवारी माझी मुलाखत आहे हो. बाही लांब होतेय. तुम्ही नाही करत, माहीत आहे. पण दुसरं कुणी तरी सांगा ना."

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

हे उठले. तिच्या हातातून कोट घेतला, उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं आणि नाक मुरडलं. "कसली ही शिवण! घाल बघू अंगात." मग माझ्याकडे हात. "खडू दे गं. खांद्यातून घ्यावी लागेल. बाबांची पद्धत आहे ती."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते उगाच नाही.

सोमवारी कव्हरवाला कागद घेऊन आला तेव्हा टेबलावर दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि मी माझ्या जागेवर, काचेशी, कुणाच्या तरी पँटची उंची दुमडत होते.

"जागा नाही देता येणार," हे त्याला म्हणाले. "कामच एवढं आहे. अरे, बदलत्या जगात संधी ओळखता आली पाहिजे माणसाला. मी तर हिला केव्हापासून सांगतोय."

मी ताडकन बोलणार होते. पण तोंडात टाचण्या होत्या.