कार्डाच्या टोकाची धग

परीक्षित वझलवार हे नाव त्या हिवाळ्यात देशोदेशीच्या कंप्युटरवेड्यांच्या तोंडी होतं, आणि खुद्द परीक्षितला त्याचा पत्ता नव्हता. पराक्रम त्याच्या बायकोचा होता.

रुचा अमेरिकेत, ॲन आर्बरला आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे राहा, जेवा, बर्फ बघा, पण नोकरीचं नाव काढू नका. नागपूरला ती हिंगण्याच्या एमआयडीसीत, इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होती. मे महिन्याच्या उन्हात कुठला पार्ट आधी मान टाकणार, हे तिला विचारल्याशिवाय तिथं माल बाहेर पडत नसे. इथं तिच्या वाट्याला आली बेडरूमची खिडकी, खिडकीतून दिसणारा बसस्टॉप आणि न संपणाऱ्या दुपारी. अशा दुपारी काही बायका रडतात, काही केक शिकतात. रुचा नवऱ्याचा कंप्युटर उघडून बसली.

गेममधली चित्रं पडद्यावर उमटवणारं ग्राफिक्स कार्ड कंपनीनं नेमून दिलेल्या वेगाच्या पुढं पळवायचं, ओव्हरक्लॉक करायचं, हा एक छंद आहे. पळवलं की ते तापतं, तापलं की पडद्यावर रंगीत ठिपके येतात आणि सगळं ठप्प होतं. म्हणून त्याला गार ठेवायचं. रुचानं कपडे वाळवायच्या मशीनचा ॲल्युमिनियमचा पाइप खिडकीच्या फटीत बसवला, उरलेली फट पुठ्ठ्यानं बुजवली आणि मिशिगनची थंडी थेट कार्डावर सोडली. वरच्या मजल्यावरच्या नीलाकाकू बघून म्हणाल्या, "अगं, लोक थंडी बाहेर ठेवायला हीटर लावतात, आणि तू ती आत घेतेस?"

बाकीच्यांची कार्डं जिथं बंद पडत, तिथून तिचं पुढं पळायला लागलं. आकडे तिनं इंटरनेटवरच्या फोरमवर टाकले, परीक्षितच्या नावानं. ईमेल त्याचा, इंटरनेट त्याच्या नावावर, घराचं भाडेपत्र त्याच्या नावावर. त्यात आपलं नाव कुठं घुसवायचं? शिवाय बाईचं नाव दिसलं की लोक कार्ड सोडून भलतंच विचारतात.

मग फेब्रुवारीत परीक्षितची डेटाबेस सांभाळायची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसाही जाणार होता. लगेच दुसरी कंपनी मिळाली नाही, तर बॅगा भरायच्या. परीक्षितचा चेहरा पार उतरला. रुचानं त्याला आल्याचा चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला. आणि आतून तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. जुन्या कंपनीतल्या कांचन मॅडम फोनवर म्हणाल्याच होत्या, "तू ये तर खरी, टेबल तुझंच आहे."

"परत गेलो तर काय बिघडेल?" तिनं विचारलं.

"असं हात हलवत? आई-बाबांना काय सांगू यार? ग्रीन कार्ड आलं की तू पण जॉब करशीलच ना. थोडी कळ काढ."

ही कळ ती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून काढत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारा माणूस प्रेमळ असला की ओरडायचीही सोय नसते.

त्याच आठवड्यात फोरमवर निरोप आला. डेट्रॉइटजवळ गेमिंगचे कंप्युटर बांधणारी एक छोटी कंपनी होती. तिथल्या ग्रेग नावाच्या मॅनेजरला दोन दिवसांनी परीक्षित वझलवारशी फोनवर बोलायचं होतं. टेस्टिंग इंजिनिअर हवा होता, व्हिसाचं कंपनी बघणार होती.

निरोप परीक्षितच्या ईमेलवरही आला, तेव्हा रुचाला त्याला सगळं सांगावं लागलं. परीक्षितनं निरोप वाचला, पुन्हा वाचला. "नाव तर माझंच आहे," तो हळूच म्हणाला. "तुला तर ते घेऊ शकत नाहीत, रुचा. मला शिकव ना."

ती नाही म्हणू शकली नाही. शिकवलं. पण बजावलंही, "येतं तेवढं शिकवते. फोनवर मी तोंड उघडणार नाही." मनात हिशेब पक्का होता. डेटाबेसवाला माणूस, दोन दिवसांच्या शिकवणीवर किती टिकणार? तो पडेल. आपण त्याला पाडलेलं नसेल, आणि महिन्याभरात आपण हिंगण्याला असू.

फोन दुपारी आला. परीक्षितनं स्पीकर लावला. रुचा समोर हाताची घडी घालून बसली. सुरुवातीचं त्यानं बरं निभावलं. मग ग्रेगनं विचारलं, "एक सांग. तुझ्याएवढ्या वेगाला आमच्या इथं प्रत्येक कार्ड मरतं. चिप बर्फासारखी गार असते, तरी मरतं. तुझं कसं चालतं?"

हे तिनं शिकवलं होतं. परीक्षित ते साफ विसरला होता.

"ॲक्च्युअली, मोठा फॅन लावला," तो म्हणाला. "चिपवर. खूप मोठा."

"अच्छा," ग्रेग म्हणाला, आणि त्या एका शब्दात नोकरी संपली होती. आता तो आभार मानणार, फोन ठेवणार. रुचाला फक्त गप्प बसायचं होतं.

मोठा फॅन! इतक्या साऱ्या दुपारी राबून, तव्याची धग बघावी तसा कार्डाजवळून हात फिरवून तिनं जे शोधलं, ते मोठा फॅन म्हणून जगासमोर जाणार? तिच्या कार्डाबद्दल इतकं अडाणी वाक्य तिला सोसवेना.

"फॅन नाही!" ती इंग्रजीत जवळजवळ ओरडली. "प्रश्न चिपचा नाहीच. कार्डाच्या टोकाशी वीज पुरवणारे बारीक भाग आहेत, ते तापतात. सगळे चिप गार करत बसतात आणि मरतात ते हे. गार हवा तिथं सोडा."

परीक्षितनं डोळे मिटून घेतले. मग ग्रेग मोठ्यानं हसला.

"कोण ही?"

"माझी बायको," परीक्षित म्हणाला.

"कमाल आहे! घरात दिवसभर हेच बोलत असशील, बिचारीला पाठ झालंय. आणि तू फॅनची थाप मारून गुपित लपवत होतास, हो ना? माझ्याकडे ये. हे माझ्या पोरांना शिकव."

परीक्षितनं रुचाकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं, त्याचं किंवा तिचं. तिच्या ओठांवर ते आलंही. पण ते बोलून नोकरी तिला मिळणार नव्हती, फक्त त्याची जाणार होती, आणि तो समोर हात जोडून बसला होता. ती गप्प राहिली. आता गप्प राहण्याचा काही उपयोग नव्हता, आणि आताच तिला ते जमलं.

"हो," परीक्षित फोनमध्ये म्हणाला. "ती ऐकून ऐकून शिकली."

फोन ठेवल्यावर त्यानं तिला मिठी मारली. तो रडत होता. "तू वाचवलंस," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिलाही रडू येत होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि राग धरायला समोर कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले. "सोमवारी जॉइन व्हायचंय. ते टोकाचे भाग म्हणालीस ते नक्की कुठले गं? मला दाखव ना."

रुचानं कंप्युटर बंद केला, कार्ड बाहेर काढलं. मग त्याचं बोट धरलं आणि बरोबर जागेवर टेकवलं.

"हे," ती म्हणाली. "नीट लक्षात ठेव. तिथं मी नसणार."