झेलवाले नाबर

सुजीत नाबरला पळणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. पळायला काय लागतं? मागं कुत्रं लागलं की कुणीही पळतं. झेल घ्यायला मात्र डोळा लागतो, हात लागतात आणि रक्तात काहीतरी असावं लागतं, असं त्याचं ठाम मत. अबुधाबीतल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक सत्यनारायणाला तो ते न विचारता सांगायचा. त्याची बायको हेमा तिथल्या एका बँकेत होती. नवऱ्याचं हे पुराण सुरू झालं की ती प्रसादाचे द्रोण भरायला आत निघून जायची.

मंडळी तरी कुठं कमी होती! सुरेश दांडेकर नावाचा एक ऑडिटर होता, पुण्याचा. तो दर खेपेला तोच प्रश्न विचारायचा, "नाबर, तुम्ही कॉलेजात एक्झॅक्टली शिकवता काय?"

"मी रिसीव्हर्स कोच आहे."

"म्हणजे फोन उचलायला शिकवता?"

यावर दांडेकर स्वतःच सगळ्यांत आधी हसायचा. त्यानंच सुजीतला 'झेलवाले नाबर' हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. सुजीत मनात म्हणायचा, हस लेका, जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासत बसलास, तुला काय कळणार. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते नाव त्याला टोचायचं, हेही खरं.

तसा सुजीत मुळात क्रिकेटचा. माटुंग्याला एका बँकेच्या टीमकडून तो स्लिपमध्ये उभा राहायचा. झेल सुटणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. बॅटिंग मात्र अशी, की हा बॅट घेऊन निघाला की पॅव्हेलियनमधले लोक बॅगा भरायला घ्यायचे. त्याचे गुरू एक म्हातारे अंपायर होते. त्यांनी एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की भरली होती. झेल घेतला रे घेतला की चेंडू वर उडवायचा, म्हणजे अंपायरला शंकेला जागा राहत नाही. पुढं एका फायनलला सुजीतनं जमिनीपासून वीतभर अंतरावर असा काही झेल घेतला, की समोरच्या टीमनंही टाळ्या वाजवल्या. टीम मात्र मॅच हरली, कारण शेवटच्या जोडीला चार धावा हव्या होत्या आणि शेवटच्या जोडीत सुजीत होता. पुढच्या सीझनला यादीत त्याचं नाव नव्हतं. तो कॅप्टनकडे गेला आणि म्हणाला, "पण झेल तर मी घेतला होता." कॅप्टन "हो, घेतलास" म्हणाला आणि किटबॅग उचलून चालता झाला. सुजीतनं त्या कॅप्टनला कधी माफ केलं नाही.

आखाती युद्ध संपल्यावर अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. कागदावर पर्चेस असिस्टंट, पण खरी गोष्ट अशी की साहेबाला शुक्रवारच्या मॅचेससाठी स्लिप हवा होता. तिथं एका शुक्रवारी त्यानं एका हातात चहाचा कागदी कप सांभाळत दुसऱ्या हातानं बाउंडरीबाहेर आलेला चेंडू झेलला, आणि चहा सांडला नाही. बघणाऱ्यांत डॉसन नावाचा टेक्सासकडचा म्हातारा होता. तेल कंपनीतून रिटायर होऊन तो एका कॉलेजात अमेरिकन फुटबॉल शिकवायला लागला होता. कॉलेजचं नाव अमेरिकन, मालक लेबनीज, पोरं निम्मी आपली. डॉसननं सुजीतला तिथल्या तिथं विचारलं, "माझ्या पोरांना हे शिकवशील?"

हा फुटबॉल म्हणजे आपला लाथेनं खेळायचा नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. एकानं तो लांब फेकायचा, दुसऱ्यानं पुढं धावत जाऊन झेलायचा, आणि झेलल्यावर तो छातीशी धरून मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडायची. झेलणारी पोरं ती रिसीव्हर्स. त्यांचा कोच सुजीत. पळणाऱ्यांचा कोच वेगळा, त्याचं नाव उमर मुकादम, गाव राजापूरजवळचं. उमर अखंड बोलायचा आणि अखंड खायचा. खिशात कायम खजूर, बिया तिथंच मैदानावर. त्याची बायको साजिदा रोज डबा द्यायची आणि तो डबा मैदानावर पोचेपर्यंत अर्धा झालेला असायचा. असल्या माणसाला आपल्या बरोबरीची पोस्ट, ह्याची सुजीतला लाज वाटायची.

सुजीतनं शिकवलं मात्र झकास. भिंतीवर आपटून येणारे टेनिसचे चेंडू, ओले चेंडू, डोळ्यांवर उन्हाची तिरीप घेऊन झेलायचे चेंडू. ज्या पोरांच्या हातून डब्याचं झाकण निसटायचं ती पोरं दोन सीझनमध्ये उलट्या हातानं झेल घ्यायला लागली. आणि झेल घेतला की चेंडू वर. "उडव!" सुजीत ओरडायचा. पोरगा चेंडू आकाशात उडवायचा आणि सुजीत आपला उजवा हात वर करायचा. गुरूची आठवण होती ती, आणि त्याला त्यात कसलं सुख मिळायचं ते त्यालाच माहीत.

उमरनं हे पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. "नाबरभाई," तो खजूर चघळत म्हणाला, "हितं झेल घेतला म्हणून कोण आउट होत नाय. चेंडू जिता असतो. पोरांना तसंच पुढं पळू द्या की."

"उमर, तुझं डिपार्टमेंट पाय. माझं हात. चेंडू हातात बसला की माझं काम खलास. पुढं तू आणि तुझी ती घोडी."

"मॅचमध्ये उडवला तर?"

"मला शिकवू नकोस."

डॉसनचीही इच्छा होती की शेवटचा अर्धा तास दोघांनी पोरं एकत्र घ्यावीत, झेल आणि पळणं सलग. सुजीत बरोबर त्याच वेळी चेंडू पोत्यात भरायला लागायचा. झेलणाऱ्या हातांना पळायला लावणं म्हणजे गवयाला पेटी उचलायला लावण्यासारखं आहे, असं तो हेमाला म्हणाला. हेमा म्हणाली, "गवई जातो ना कार्यक्रमाला, तेव्हा पेटी कोण उचलतं?" तिला त्यातलं काही कळत नाही, असं ठरवून सुजीतनं टीव्ही लावला.

आणि मॅचमध्ये काही बिघडलंही नाही. झेल घेताक्षणी समोरचे दोन-तीन धटिंगण अंगावर येऊन आदळायचे, पोरगा चेंडूसकट खाली. उडवायला उसंतच मिळायची नाही. उमरची शंका अशी सहा सीझन खोटी ठरली आणि सुजीतचा तोरा वाढत गेला.

२००१च्या वसंतात डॉसननं जाहीर केलं की उन्हाळ्यात तो कायमचा घरी जाणार. कॉलेजच्या डीननं सुजीतला केबिनमध्ये बोलावलं, कडू कॉफी पाजली आणि सांगितलं, "हबीबी, दुबईवाल्यांकडून कप आणलास की हेड कोच तू. इन्शाल्ला."

सुजीतनं 'इन्शाल्ला' तेवढं ऐकलं नाही. झालं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्यानं मुसफ्फातल्या एका शिंप्याकडून निळं जाकीट शिवून घेतलं आणि पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं मोठ्ठी अक्षरं भरून घेतली: हेड कोच. पुढच्या गणपतीत हे घालून आरतीला उभं राहायचं, आणि दांडेकर बरोबर पाठीमागे येईल अशा बेतानं उभं राहायचं, इथपर्यंत त्याचं ठरलं होतं. हेमानं जाकीट पाहिलं. "कप आल्यावर शिवलं असतं तर शिंपी पळून जाणार होता का?" ती म्हणाली. तिनं ते घडी करून त्याच्या बॅगेत तळाशी ठेवलं.

फायनल गुरुवारी संध्याकाळी होती, कॉलेजच्याच मैदानावर. बघायला बरीच माणसं आली होती. दांडेकरही आला होता, बायको आणि पॉपकॉर्न घेऊन. आपल्याला पडताना बघायला आलाय, सुजीतनं ओळखलं. दुबईची पोरं आडदांड होती, पण त्यांना झेलता येत नव्हतं. हातात आलेले चेंडू ती गरम भाकरीसारखे टाकत होती. सुजीत त्यांच्याकडे बघून खुदकन हसला आणि त्यांच्या कोचकडे बघून मुद्दाम आणखी एकदा हसला.

तरी शेवटाला दुबईवाले चार गुणांनी पुढं होते. आता एकच चेंडू उरला होता. तो झेलून रेघेपलीकडे नेला की सहा गुण आणि कप आपला. डॉसननं निखिलला पाठवलं. निखिल हा सुजीतचा लाडका, हाताचा सगळ्यांत मऊ. त्याला पहिल्या वर्षापासून सुजीतनंच घडवलं होतं.

चेंडू उंच गेला. निखिल एकटाच पुढं निघाला होता. त्याला अडवायला ठेवलेला दुबईचा पोरगा घसरून मागं पडला होता. चेंडू निखिलच्या डोक्यावरून जाणार असं वाटलं तेवढ्यात त्यानं मान न वळवता दोन्ही हात पुढं केले आणि चेंडू अलगद उतरवून घेतला, पाळण्यातलं मूल उचलावं तसा. माटुंग्याच्या त्या झेलापेक्षा सरस. सुजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. हा झेल माझा आहे, त्याला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

रेघ पाच पावलांवर होती. जवळपास कुणी नव्हतं.

सुजीतनं बॅगेत हात घातला आणि जाकीट ओढून काढलं. डावा हात बाहीत गेला. उजवा हात सवयीनं वर गेला. आणि तिकडं निखिल थांबला, सरांकडे वळला, तोंडभर हसला आणि चेंडू वर उडवला.

"पळ!" उमर ओरडला. "अरे पळ, पळ!"

चेंडू खाली आला, टप्पा पडला, वेडावाकडा घरंगळला. घसरून पडलेला दुबईचा तो पोरगा उठून धावत आला होता. तो चेंडूवर पालथा पडला, त्याच्यावर त्याचे चार मित्र पडले आणि पंचानं शिट्टी वाजवली. खलास.

डॉसननं टोपी काढून डोकं खाजवलं. दांडेकरच्या बायकोनं विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो ना?" आणि दांडेकरनं आयुष्यात पहिल्यांदा काही विनोद केला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, सुजीतला वाटलं. हसणाऱ्या माणसाला निदान मूर्ख तरी म्हणता येतं.

डीन खुर्चीवरून उठून चालत आला. सुजीतच्या समोरून आला, त्याच्या डाव्या हाताला लोंबणाऱ्या जाकिटावरची पिवळी अक्षरं नीट वाचली आणि पुढं गेला. उमरजवळ थांबला. "शनिवारी सकाळी मला भेट," तो म्हणाला, आणि गाडीकडे निघून गेला.

सुजीत तोंड उघडणार होता. घोडी हाकणारा हेड कोच होणार, खजुराच्या बिया थुंकणारा, डबा वाटेत खाणारा, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. पण उमर त्याच्याकडे आला आणि त्यानं पहिल्यांदाच तोंडातलं खाणं संपवून मग बोलायला सुरुवात केली.

"नाबरभाई, थांबा जरा." त्यानं सुजीतचा डावा हात बाहीतून हळूच सोडवला. जाकिटाची घडी घातली, अक्षरं आत येतील अशी, आणि ते बॅगेत ठेवून चेन लावली. "झेल काय घेतला पोरानं, वा. असा झेल मी बघितला नाय कधी." बोलण्यात टोमणा नव्हता. सुजीतनं शोधला, पण नव्हता. सहा वर्षं ह्या माणसाला तुच्छ लेखलं होतं, आणि आता त्याचा राग धरायलाही काही सापडेना.

निखिल मैदानातून येत होता. बाकीची पोरं त्याच्यापासून लांबून चालत होती. तो थेट सुजीतसमोर येऊन उभा राहिला.

"बट सर," तो म्हणाला, "आय कॉट इट."

सुजीतनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते सगळं सहा सीझन आधी सांगायला हवं होतं.

"हो," तो म्हणाला, "घेतलास." आणि बॅग उचलून चालायला लागला.